मळहातावरची मोटर

आमच्या कारखान्यात दुपारी कोणी ना कोणी झोपलेलं असायचंच, आणि त्याला कोणी रागवायचं नाही. उलट एखाद्याला झोप लागली नाही तर मालकांचा चेहरा उतरायचा. आम्ही मालीशची यंत्रं बनवायचो. कारखाना म्हणजे तरी काय, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. एका टोकाला माझं टेबल, मधे शिलाईवाल्या मावशींचं मशीन, आणि दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या पडद्याच्या खिडकीखाली, एक उंच अरुंद पलंग. त्या पलंगावर आम्ही मिळेल त्याला पालथं घालायचो: खालचा पहारेकरी, पार्सल घेऊन येणारा, समोरच्या चष्म्याच्या दुकानातली मुलगी. पडदा फुगायचा, मोटर गुणगुणायची, आणि हळूहळू त्या माणसाच्या टाचा सैल होऊन बाहेरच्या बाजूला कलायच्या. टाचा कलल्या की यंत्र पास.

ती गुणगुण आमच्याही अंगात भिनली होती. मावशी शिवता शिवता डुलक्या घ्यायच्या आणि तरी त्यांची शिवण वाकडी जायची नाही. मी हातात पक्कड धरून उभ्या उभ्या पेंगायचे, आणि जागी झाल्यावर मला कळायचं नाही की आत्ता जे सुचलं ते स्वप्नात सुचलं की खरंच. घरी उशीला कान लावला तरी मोटर सुरूच असायची. मी तशी तापट बाई आहे, बसच्या रांगेत मधे घुसणाऱ्याची हजेरी घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्या खोलीत शिरल्यावर माझा राग कुठे जायचा, देव जाणे. तिथे सगळं पाण्याखाली चालल्यासारखं सावकाश चालायचं.

कारखान्याचा नियम एकच होता. यंत्र ज्याच्या हातात असेल त्याने मत द्यायचं नाही. बोलायचं ते पलंगावरच्या माणसाने. यामागे मालकांची स्वतःची फजिती होती. तरुणपणी त्यांनी पोटऱ्यांसाठी विजेवर फिरणारं एक लाटणं बनवलं होतं, आणि ते लोकांच्या पायांवर फिरवताना ते स्वतःच त्याचं इतकं कौतुक करायचे, की समोरचा भिडेखातर ‘छान आहे हो’ म्हणून मोकळा व्हायचा. पुढे ती लाटणी सगळीच्या सगळी परत आली. तेव्हापासून हात चालवणाऱ्याचं तोंड बंद. हा नियम आमच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो नियम आहे हेसुद्धा आम्ही विसरून गेलो होतो.

आता ताई. माझी मोठी बहीण मालीश करते. गल्लीच्या तोंडाशी तिची एक खोली आहे, त्यात तिचा पलंग, तेलाच्या बाटल्या, घडी घातलेले टॉवेल आणि तिचा आवाज. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ताईचं मत असतं. माझ्या केसांबद्दल असतं, शेजारीण भाजी कशी चिरते याबद्दल असतं, आणि भावोजींच्या झोपेबद्दल तर फार असतं. भावोजी म्हणजे तिचा नवरा, शाळेची बस चालवणारा शांत माणूस. त्या घरात दोघांच्या वाटचं बोलणं ताईच बोलते. पण पाठीवर हात ठेवला की ती गप्प व्हायची. डोळे मिटून घ्यायची. हात सरकत सरकत कुठेतरी थांबायचा, आणि मग ती विचारायची, "जिन्यावरून पडला होतात ना?" किंवा, "सध्या घरात कोणाशी अबोला धरलाय का?" माणूस चाट पडायचा. आई गेली तेव्हा मी लहान होते. मला ताप आहे की नाही, हे ताई कपाळाला नव्हे तर पाठीला हात लावून सांगायची. मी त्या हातांखाली वाढले.

मागच्या हिवाळ्यात तिचे अंगठे धरले. मुळाशी सूज आली, बाटलीचं झाकण फिरेना. डॉक्टर म्हणाले, हात वाचवायचे असतील तर हे काम सोडा. त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे येऊन बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मला भीतीच वाटली.

"घरी बसून मी करू काय गं?" शेवटी ती म्हणाली. "ह्यांना झोपलेलं बघत बसू?"

मी हसले, तीही हसली. हसता हसता तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ताईचे हात थांबले तर ताईच थांबणार होती. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून मी ते यंत्र करायला घेतलं. मळहातावर, म्हणजे तळहाताच्या मागच्या बाजूला, पट्ट्याने बांधायची एक छोटी मोटर. तिच्या दांड्याला एकाच बाजूला वजन असतं. दांडा फिरला की ते वजन मोटरला हिसके देतं, मोटर हाताला, आणि बोटं नुसती टेकवली तरी थरथर समोरच्याच्या अंगात उतरते. अंगठ्याने दाबायचं कामच नाही. कल्पना काही माझी नव्हे, पूर्वी न्हावी असली यंत्रं वापरायचे, पण ती वजनाला जड आणि आवाजाला ट्रकसारखी. मला हलकं हवं होतं, तेलकट हातावरून न घसरणारं, आणि झोपेत ऐकू यावं पण जाग येऊ नये इतक्याच आवाजाचं.

काही सुचेनासं झालं की मी पलंगावर जाऊन पडायचे. डोळा लागला की मला हातच हात दिसायचे, मनगटापासून सुटलेले, त्या पडद्यासारखे हवेत हलणारे, आणि मी त्यांच्यामधून फिरत एकेकाला मोटर बांधायचे. ते हात घाईत नसायचे. बांधून झालं की खिडकीतून बाहेर जायचे. एकदा अशाच झोपेतून उठून मी थेट टेबलाशी गेले आणि बॅटरी पंज्यावरून काढून कोपराजवळ नेली, तेव्हा हातावरचं अर्धं ओझं उतरलं. मावशींनी जाळीच्या कापडाचा पट्टा शिवला, आतून रबराच्या बारीक रेघा दिलेला. तेल लागलं तरी तो जागचा हलेना.

यंत्र घालून बघणार कोण, तर ताई. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, "हे बघ, इथे तू काही बोलायचं नाहीस. चांगलं नाही, वाईट नाही, हूं की चूं नाही."

"मी?" ताई म्हणाली.

"तू."

मावशी हातातल्या कापडात तोंड खुपसून हसल्या.

आणि ताई खरंच गप्प राहिली. मला याचं नवल वाटायला हवं होतं. दुपारी तिची खोली रिकामी असायची तेव्हा ती आमच्याकडे यायची, पट्टा चढवायची आणि पलंगावर जो कोणी असेल त्याच्या पाठीवर हात ठेवायची. सगळे झोपायचे. पहारेकरी तर असा झोपला, की खालचं फाटक दुपारभर उघडं राहिलं आणि कोणाचं तरी कुत्रं थेट आमच्या मजल्यापर्यंत येऊन गेलं. चष्म्याच्या दुकानातली मुलगी उठली ती म्हणाली, मी एका मोठ्या मांजराच्या पोटावर झोपले होते, आणि घरी जाईपर्यंत कोणाशी बोलली नाही. पार्सलवाला आता पार्सल नसलं तरी यायला लागला. मालक हवेत तरंगायचे बाकी होते. ताईने ते यंत्र आपल्या खोलीवरही नेलं आणि तिची गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागली.

"अंगठे कसे आहेत?" मी विचारायचे.

"शांत आहेत," ती म्हणायची, आणि पुढे काही नाही. मला वाटायचं, समाधानी माणूस कमी बोलतो. ताईच्या बाबतीत असं समजणारी मी एक नंबरची गाढव.

नमुना साच्यांसाठी पाठवायचा होता त्याच्या आदल्या दुपारी मालक म्हणाले, "तू एकदा स्वतः पडून बघ. एवढं केलंस, तुझाही हक्क आहे." पलंगावर मी पुष्कळदा झोपले होते, पण यंत्राखाली कधी पडले नव्हते. मी पालथी झाले, तोंड उशीत घातलं. ताईने पट्टा चढवला. गुणगुण सुरू झाली आणि पाठीतून अशी पसरत गेली, की खोली कडेकडेने विरघळायला लागली.

मी लहान झाले. तापात असायचे तशी, अंगावर जड पांघरूण, भिंतींचे कोपरे लांब लांब गेलेले. शेजारच्या खोलीत कोणीतरी आवाज न करता भांडी लावत होतं. खिडकीतला उजेड दुधासारखा जमिनीवर सांडला होता आणि त्यात उतरायला मला पाय नव्हते, लागतही नव्हते. हात यायचा, जायचा, पुन्हा यायचा. मग तो माझ्या डाव्या खांद्यामागे आला. तिथलं माझं हाड नीट जुळलेलं नाही. लहानपणी झाडावरून पडले होते, त्याचा एक उंचवटा राहिलाय. ताईचा हात त्याच्यावरून कधीच सरळ गेलेला नाही. तिथे आला की तो मंदावतो, किंचित उचलला जातो आणि पलीकडे पुन्हा टेकतो. तिलाही हे ठाऊक नसेल. झोपेतसुद्धा मी त्या उचलण्याची वाट बघत होते. हात आला आणि सरळ पुढे गेला. दुखलं नाही. छानच वाटलं. पण तो हात मला ओळखत नव्हता.

मी उठून बसले. दुधासारखा उजेड अजून जमिनीवर होताच, त्यामुळे आपण जागे आहोत की नाही हे मला क्षणभर कळेना.

"ताई, तुझ्या हाताला आत्ता काय लागलं?"

ती मालकांकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे नको बघू. मी विचारतेय."

"बोलायचं नाही ना इथे?" ताई म्हणाली. "तूच सांगितलंस."

"आता बोल."

तिने पट्टा सोडवला, बोटं उघडमीट केली. "काहीच लागलं नाही," ती म्हणाली. "हे सुरू झालं की हात बधिर होतो बघ. खाली पाठ आहे का गादी आहे, काही समजत नाही. मी आपली डोळे उघडे ठेवून, बघून बघून हात फिरवते."

"आणि काढल्यावर?"

"काढल्यावर मुंग्या. आधी थोडा वेळ राहायच्या. आता दिवसभर जातच नाहीत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदाच चढत होता.

"तू एवढं जीव तोडून केलंस," ताई म्हणाली. "लोक झोपत होते. अंगठे दुखायचे थांबले होते. म्हटलं, काम तरी राहिलं. बाकीचं नाही कळलं तर नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मालक खाली मान घालून आपल्या चपलांकडे बघत होते. मावशींनी मशीनचा दिवा उगाचच बंद केला आणि पुन्हा लावला.

मी ताईला घरी सोडायला गेले. ती आत गेल्यावर भावोजींनी मला दारातच थांबवलं.

"हल्ली पाणी किती तापलंय ते मला बघायला सांगते," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आळस करतेय."

"आळस नाही भावोजी, तिला हाताला कळत नाहीये."

त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन त्यांनीच चहा केला, आणि ताईचा कप तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला, जरा निवेपर्यंत त्यावर बशी झाकून. ताई त्यांच्याकडे बघत राहिली, पण त्यावर तिने काहीही मत दिलं नाही. मला रडू आलं नाही, संताप आला. मालकांच्या नियमाचा आला आणि त्याहून जास्त माझा आला. मी जगभरच्या पाठींना विचारत बसले होते. ज्या हातांसाठी हे सगळं मांडलं, त्यांना विचारलंच नव्हतं.

मालकांनी साच्यांचं काम पुढे ढकललं. नियम मोडायला मात्र त्यांना जड गेलं. हात पाठीमागे बांधून ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले, पडदा त्यांच्या तोंडावर येत होता तो बाजूलाही केला नाही. शेवटी म्हणाले, "दोघांनाही विचारायला हवं होतं. त्या लाटण्याने मला उगाचच शहाणं करून ठेवलं."

ताईने यंत्र बाजूला ठेवलं आणि खोलीला कुलूप लावलं. मुंग्या जाईपर्यंत हातांना पूर्ण आराम, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इकडे मी यंत्र उकलून बसले. चूक दिसायला कठीण नव्हती. मोटर मळहातावर होती, ती सगळ्या पंज्याला हलवत होती, बोटांसकट. ताईला जे कळायचं ते बोटांना कळायचं, आणि मी नेमकी तीच झोपवली होती. मग मी मोटर तिथून काढली. आणखी लहान केली आणि तळहाताच्या खाली, मनगटाशी जो मांसल भाग असतो, तिथे एका चपट्या उशीत बसवली. उशी आणि हात यांच्यामधे मऊ रबराचा जाड थर दिला, म्हणजे थरथर पाठीत जाईल, हातात परतणार नाही. उशीवर भार दिला तरच मोटर सुरू, भार काढला की बंद. चारही बोटं उघडी. आधी बोटं जातील, शांतपणे बघतील, आणि मग मागून मोटर येईल.

मावशींनी नवा पट्टा शिवून स्वतःच्या हाताला चढवला.

"मनगटाला काचतोय," त्या म्हणाल्या. "आधीचाही काचत होता."

"मग सांगायचं नाही का मावशी?"

"मला कोणी विचारलं?" त्या म्हणाल्या आणि शिवण उसवायला लागल्या.

माझी स्वप्नं आता बदलली होती. हवेत हलणारे ते हात अजून यायचे, पण मी जवळ गेले की मुठी मिटून घ्यायचे. मी हाका मारायचे तर आवाजाऐवजी गुणगुण निघायची.

ताईचे हात ताळ्यावर आले तशी मी तिला बोलावलं. दोघींनाही न बोलता माहीत होतं, की याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. आता हिच्या हाताला काही कळलं नाही, तर डॉक्टरांचं ऐकायचं आणि खोली सोडायची. पलंगावर मीच पडायचं ठरलं, कारण ताईला सगळ्यात जास्त ठाऊक असलेली पाठ माझीच होती.

"या खेपेला बोलायचं," मी तिला म्हटलं. "काय वाटेल ते. शिव्या दिल्यास तरी चालेल."

"बरं," ताई म्हणाली.

मी पालथी पडले. पडदा फुगला, बसला. बोटं टेकली, सरकली. उशीचा भार आला तशी गुणगुण उठली, मग थांबली. पुन्हा बोटं, पुन्हा गुणगुण. एखादं बोलणं कोणीतरी थांबत थांबत करावं तसं ते चाललं होतं, आणि मी इतकी थकलेली होते, की त्या थांबण्याथांबण्यातून खाली खाली जायला लागले. पण झोप येईना. मी ताईच्या आवाजाची वाट बघत होते.

ताई बोलत नव्हती.

मावशींचं मशीन बंद होतं. मालक कुठेतरी उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. पंजा कमरेपर्यंत गेला, वर आला. ताई एक अक्षर बोलली नाही. जिला बोल म्हणून सांगितलं होतं, जिला एरवी गप्प करू म्हटलं तरी करता यायचं नाही, ती गप्प होती. हळूहळू मला उमगलं. हिला काही लागत नाहीये. मला वाईट वाटू नये म्हणून ही पुन्हा गिळून बसलीये. मला ताईची खोली दिसली, रिकामी, पलंग भिंतीला टेकवून उभा केलेला. माझे डोळे भरून आले. मी आवाज केला नाही. श्वाससुद्धा मोजून मापून घेत राहिले, एकसारखा, झोपलेल्या माणसासारखा. तोंड उशीत होतं, त्यामुळे कोणाला दिसायचा प्रश्न नव्हता. टाचाही मी मुद्दाम सैल सोडल्या.

हात थांबला. गुणगुण बंद झाली. चार बोटं मणक्याच्या कडेला, न हलता, टेकून राहिली.

"रडतेस कशाला गं?" ताई म्हणाली.

तिला माझा आवाज ऐकू आला नव्हता की तोंड दिसलं नव्हतं, हे तिच्या बोटांनाच कळलं होतं. खोलीत कोणी हललं नाही. माझ्या पाठीवरची ती चार बोटं मात्र थरथरायला लागली होती, आणि मोटर तर बंद होती.